डावा अंगठा

पान उलटत नाही. बोटाने सरकवलं तरी नाही, टॅबलेट हलवला तरी नाही. ओळी संपल्या आहेत आणि पान जागच्या जागी उभं आहे.

*

दीपनगरात वीज जात नसे. भुसावळात जायची, वरणगावात जायची, आजूबाजूच्या खेड्यांत तर गेलेलीच असायची. पण जिथे वीज तयार होते त्या वसाहतीत मे महिन्याच्या भर दुपारी पंखा, कूलर आणि टीव्ही एकाच वेळी चालू असत. व्हिडिओ गेम खेळायला अख्ख्या खानदेशात याहून चांगली जागा नव्हती.

*

एका माणसाचे दोन अंगठे एकदमच दमतात.

*

साडीच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी, तिला गुंडाळलेलं रबर वितळून चिकटलेलं. आत जुना कंट्रोलर, दोन लाल बटणांचा. बाबा म्हणाले, तो गेलेला आहे, टाकून दे. मी टाकला नाही.

*

"तीन जीव शिल्लक." हे एका प्रवासवर्णनाच्या शेवटच्या पानावर, खाली कोपऱ्यात, पेन्सिलने. "एक जीव, तोही लंगडा." हे एका कादंबरीवर. आणि एका जाडजूड आत्मचरित्रावर, अगदी सुरुवातीच्या प्रकरणातच: "गेम ओव्हर."

*

बाबा हल्ली सदऱ्याची बटणं डाव्या हाताने लावतात. वेळ लागतो. मदत करायला गेलं तर म्हणतात, राहू दे, मला कुठे ऑफिसला जायचंय.

*

हे सगळं ज्या बाईमुळे एका घरात आलं ती माझी आत्या, ज्योत्स्ना भंगाळे. जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. तिला नाद दोनच, वाचन आणि व्हिडिओ गेम, आणि दोन्ही सारख्याच गांभीर्याने. पुस्तक वाचून झालं की त्यात किती जीव उरलेत ते ती पेन्सिलने लिहून ठेवायची. म्हणजे ते आणखी किती वेळा वाचता येईल. कॉलेजच्या पुस्तकांवरही लिहायची आणि मग मुलांना दम द्यायची, पुस्तकावर कोण लिहितं रे हे. लग्न केलं नाही. कुणी फारच विचारलं तर म्हणायची, "सेव्ह करायचं राहून गेलं." मला ती आबे म्हणायची. माझं नाव अबोली.

२०४५च्या मार्चमध्ये ती गेली. हृदय थांबलं, दुपारी, हातात पुस्तक असताना. पुस्तकात पेन्सिल होती, पण अजून काही लिहिलेलं नव्हतं.

*

गोष्ट कळायला आधी १९९३ कळायला हवं.

माझे आजोबा दीपनगरच्या वीज केंद्रात ऑपरेटर होते. वार्षिक परीक्षा संपल्यावर त्यांनी भुसावळहून व्हिडिओ गेमचा संच आणला. बरोबर एक पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ गेम' असं छापलेलं. खरे गेम सातच होते, बाकीची नावं बदलून तीच. आत्या तेव्हा सोळा वर्षांची, बाबा तेराचे. संचात कंट्रोलर दोन होते, पण दुसरा महिनाभरात गेला. आत्याने तपासला, जोडून पाहिला, काढून पाहिला आणि सांगितलं की संपला हा. आजोबा म्हणाले, एकावर खेळा, आळीपाळीने.

आळीपाळीने कोण खेळतं? ती दोघं एकाच कंट्रोलरवर एकाच वेळी खेळायला लागली. मांडीला मांडी लावून बसायचं, मध्ये उशी, उशीवर कंट्रोलर. डावी बाजू आत्याची, म्हणजे चालणं, वळणं, मागे येणं. उजवी बाजू बाबांची, म्हणजे उडी आणि बाण. त्यांच्या आवडीच्या गेमला काहीतरी इंग्रजी नाव असणार. आमच्या घरात तो 'बाणवाला' होता. बाणवाल्याला एका पडक्या किल्ल्यातून, खड्डे आणि वटवाघळं चुकवत, वरच्या बुरुजापर्यंत जायचं असतं. पाय आत्याचे, हात बाबांचे.

वाचनही तसंच. वसाहतीच्या क्लबात छोटं ग्रंथालय होतं, एका घराला एका वेळी एकच पुस्तक. तेही दोघं एकदमच वाचायचे, डोक्याला डोकं लावून. आत्याचा वेग जास्त. ती पान संपवून थांबायची. बाबांचं झालं की ते म्हणायचे, "हं." मग ती पान उलटायची.

पुढे शिक्षणं झाली, नोकऱ्या झाल्या. बाबा पाटबंधारे खात्यात लागले, नाशिकला घर केलं, मी झाले. आई आजारपणात गेली, बाबांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, आणि एक दिवस ते दोन बॅगा घेऊन आत्याकडे जळगावला राहायला गेले. मी नाशिकलाच राहिले. तिथल्या त्यांच्या दहा वर्षांत टीव्ही भिंतीएवढा झाला, गेममध्ये समुद्र आले, जंगलं आली, ओसाड शहरं आली. बाणवालासुद्धा नव्या चित्रांत पुन्हा निघाला. कंट्रोलर मात्र एकच, आणि दोघांनी मिळून वाचायला टॅबलेटही एकच. साठी ओलांडलेले दोन भाऊ-बहीण एका कंट्रोलरवर वाकून बसलेले मी कितीदा पाहिले आहेत. एका ताटात जेवल्यासारखे दिसायचे. आणि आत्याचं तोंड सतत चालू. "दिग्या, झोपलास का? अंगठ्याला आज खायला घातलं नाहीस?" बाबांचं नाव दिगंबर. ते उत्तर देत नसत. उशिरा का होईना, उडी मारत.

एका भाऊबिजेला मी त्यांना दुसरा कंट्रोलर भेट दिला. आत्याने हातात घेऊन फिरवून पाहिला, छान आहे गं म्हणाली. नंतर कित्येक वर्षं तो पंख्याखाली वर्तमानपत्र उडू नये म्हणून ठेवलेला असायचा.

*

ती गेल्यावर बाबांनी टीव्ही लावला नाही. टॅबलेट घेऊन बसायचे, पण बघायचे खिडकीबाहेर. मी नाशिकला चला म्हटलं की म्हणत, बघू. जेवलात का विचारलं की म्हणत, झालं. फोनवर त्यांचं बोलणं इतकं कमी झालं की मी हवामान सांगायला लागले.

म्हणून मी ठसा मागवला.

*

ठसा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण लोकांना अजूनही वाटतं की तो मेलेल्या माणसाचा बोलका व्हिडिओ आहे. ते खूळ येऊन गेलं. गेलेल्या माणसाचा चेहरा आणि आवाज तयार करणं स्वस्त झालं तेव्हा घरोघरी आजोबा बोलू लागले, आणि दोन महिन्यांत लोकांनी त्यांना बंद केलं. कारण ते आजोबांच्या आवाजात कुणाचंही बोलायचे.

ठसा बोलत नाही. ठसा निवडतो. कल्पना अशी, की माणूस त्याच्या आवाजात नसतो, त्याच्या निवडींत असतो. कुठे थांबतो, कुठे धोका पत्करतो, कोणतं दार आधी उघडतो. रोजच्या आयुष्यातल्या निवडींची नोंद कुणी ठेवत नाही. गेममध्ये मात्र प्रत्येक क्षण ही निवड असते, आणि नवा कंट्रोलर प्रत्येक बटण कधी दाबलं, किती जोरात, किती वेळ, हे सगळं साठवून ठेवतो. वाचनाचंही तेच. टॅबलेटला कळतं की डोळे कुठल्या ओळीवर परत आले आणि पान कधी उलटलं. अशा लाखो निवडी यंत्रासमोर ठेवायच्या आणि त्याला उलटं कोडं घालायचं. माणसाच्या आवडीवरून तो काय करेल, हे नाही. त्याने जे केलं त्यावरून त्याला काय हवं होतं, कशाची भीती होती, कशासाठी तो वाट बघायला तयार होता, हे सांग. ते जमलं की यंत्र नव्या ठिकाणी, नव्या गेममध्ये, नव्या पुस्तकात त्याच माणसासारखं वागू शकतं.

आत्याने मरताना मागे इतका खेळ ठेवला होता, की 'मागोवा' या कंपनीने मला सांगितलं, असा भरगच्च ऐवज आम्हाला क्वचित मिळतो.

*

ठसा आला. बाबांनी चष्मा पुसला, टीव्हीसमोर बसले. पडद्यावर बाणवाला एकटाच पळाला, उड्या मारल्या, बाण मारले, बुरुज गाठला.

मी विचारलं, कसं वाटलं.

"चांगलं खेळते."

आत्यासारखी का, असं मी विचारलं.

"चांगलं खेळते म्हटलं ना."

पाहुण्याने आणलेल्या मिठाईबद्दल बोलावं तसं. मग टॅबलेटवर एक पुस्तक लावलं. ठसा आत्याच्या वेगाने पानं उलटायला लागला. बाबा पहिल्या पानाच्या अर्ध्यावर होते तेव्हा दुसरं आलं. दुसऱ्याच्या सुरुवातीला होते तेव्हा तिसरं. त्यांनी टॅबलेट हळूच पालथा ठेवला, एखाद्याच्या बोलण्यातून उठून जावं तसे उठले आणि गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घातलं. सकाळी घातलंच होतं.

आत येताना एवढंच म्हणाले, "ही थांबत नाही."

*

मी कंपनीला फोन केला. नाजिया तडवी नावाच्या मुलीने तो घेतला. रावेरकडची, आवाजात अजून केळीच्या बागा असलेली. तिने आत्याची मूळ नोंद पुन्हा उघडली आणि दोन दिवसांनी आम्हा दोघांना व्हिडिओवर बोलावलं.

"ताई, तुम्ही लिहून दिलं होतं की खेळणाऱ्या तुमच्या आत्या एकट्याच."

खातं तिच्या नावावर होतं. घरात सगळे 'ताईचा गेम'च म्हणायचे. मी तेच लिहिलं होतं.

तिने दोन आलेख दाखवले. एक डाव्या अंगठ्याचा, एक उजव्या. म्हणाली, माणसाच्या दोन्ही अंगठ्यांना हुकूम एकाच मेंदूतून येतात, त्यामुळे दोघांच्या चुका जुळ्या असतात. झोप झाली नसेल तर दोन्ही मंदावतात, चहा झाला की दोन्ही सुधारतात. इथे तसं नाही. डावा ताजातवाना असताना उजवा पेंगतो. आमच्या यंत्राला हे विचित्र वाटलं, म्हणून त्याने दोन्ही घासूनपुसून सारखे केले. तसंच पुस्तकांचं. प्रत्येक पान संपल्यावर एक रिकामा वेळ आहे. मजकूर सोपा असो की अवघड, तो आहेच. आम्ही समजलो टॅबलेट संथ आहे. काढून टाकला.

"काका, हे दोन वेगळे मेंदू आहेत. दुसरं कोण होतं?"

बाबा हसायला लागले. आत्या गेल्यापासून पहिल्यांदा. हसताना त्यांना खोकला आला तरी थांबेनात.

"एकटी? तिला बाण कुठे मारता येत होता!"

नाजियाही हसली. मग म्हणाली, एक गंमत आहे काका, डावा अंगठा सारखा उजव्याची वाट बघतो. उजवा डाव्याची कधीच बघत नाही.

"मोठी होती ती," बाबा म्हणाले. "तिने नाही बघायची तर कुणी?"

*

पण ठशांचा कायदा आहे. एका ठशात एकच माणूस. जिवंत माणसाचा अंश मिसळला असेल तर त्याची संमती हवी, नाहीतर तो भाग काढून टाकायचा. नाजियाने तीन वाटा सांगितल्या. महिनाअखेरीला मूळ नोंद पुसली जाणार होती, तेव्हा त्याआधी एक निवडायची, आणि मग ती बदलता येणार नाही.

पहिली वाट, बाबांचा भाग काढायचा आणि त्या जागी आत्याच्या पिढीतल्या हजारो बायकांच्या खेळावरून बेतलेला एक सरासरी उजवा अंगठा बसवायचा. थांबणं त्यातही राहणार नाही, कारण थांबायला कुणी नसेल.

दुसरी वाट, बाबांनी संमती द्यायची. डावा आत्याचा, उजवा बाबांचा, दोन्ही ठसे एकत्र. हुबेहूब जुना खेळ, आपोआप, कायमचा.

तिसरी वाट सांगताना ती जरा अडखळली. नुसता डावा अंगठा. घासूनपुसून सारखा न केलेला, थांबण्यासकट. "पण ताई, तो निम्मा आहे. चालेल, वळेल. उडी मारणार नाही. शेजारी उजवीकडे कुणी नसेल तर पहिल्या खड्ड्यापाशी नुसता उभा राहील."

*

मला दुसरी हवी होती, आणि कारण सरळ होतं. बाबांच्या उजव्या हातात जोर राहिला नव्हता. मज्जातंतूचा त्रास, डॉक्टरांनी सांगितलं होतं की हळूहळू वाढेल, औषधाने वेग कमी होईल, मागे येणार नाही. तो अंगठा अजून काही महिने चालेल, मग नाही. नुसता डावा घेतला तर तेव्हा आत्या खड्ड्यापाशी उभी राहणार आणि बाबा समोर बसून ते बघणार. मला ते चित्र सहन होत नव्हतं. दोन्ही ठसे एकत्र असतील तर कुणाचा हात बंद पडला तरी खेळ चालू राहील.

स्वयंपाकघरात मी हे सगळं त्यांना पटवून सांगितलं. ते भरीताची वांगी भाजत होते, डाव्या हाताने फिरवत. सगळं ऐकून घेतलं.

"ती पण खेळणार, मी पण खेळणार, टीव्हीतच. मग मी इथे काय करू? तुम्हा सगळ्यांना चहा टाकू?"

मी म्हटलं, बघाल ना. शेजारी बसून बघाल.

"टीव्हीत मी जिंकताना?"

मग पहिली वाट तरी घ्या, मी म्हटलं. निदान पूर्ण आत्या असेल. माझा आवाज चढला होता. वांग्याची साल तडकली, त्यांनी गॅस बंद केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"अबोली, ताईचा उजवा अंगठा मी जन्मात पाहिला नाही. तो मला आता दाखवू नकोस."

संमतीच्या कागदावर त्यांनी तिसऱ्या वाटेपुढे सही केली. सही डाव्या हाताने केली, म्हणून बँकेतल्यासारखी दोनदा करावी लागली. मी त्यांच्याशी जेवताना बोलले नाही. भरीत उत्तम झालं होतं, तेही सांगितलं नाही.

*

डावा: पुढे. पुढे. थांब.
उजवा: बाण.
डावा: पुढे. कड्यापर्यंत. बटण सोड.
उजवा:
उजवा:
उजवा: उडी.
डावा: आता पुढे.

पलीकडे.

बाबा म्हणाले, "ही आहे."

*

मग टॅबलेट. पान वाचून झालं. पान हललं नाही. बाबांनी ते सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि सवयीने म्हणाले, "हं."

पान उलटलं.

आत्याच्या टॅबलेटने दहा वर्षं तो आवाजही ऐकला होता. पान उलटण्याआधी नेहमी एक छोटा आवाज येतो, एवढं ठशाला माहीत होतं. बाबांनी टॅबलेट मांडीवर ठेवला, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. मग तो घातला आणि दुसरं पान वाचायला घेतलं.

*

त्यानंतर त्यांचे फोन छोटेच राहिले, पण कारण बदललं. मी बोलत असताना मध्येच म्हणायचे, ठेवू का, ताई थांबलीय. मला राग यायचा. आपल्याच गेलेल्या आत्याचा हेवा वाटणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण वाटायचा. शेजारच्या काकूंनी सांगितलं, तुझे बाबा आता मोठमोठ्याने बोलतात, उलट उत्तरं देतात, आधी फक्त ज्योत्स्नाताईंचा आवाज यायचा. म्हणजे पन्नास वर्षांची उत्तरं आता निघत होती.

मी नाजियाला विचारलं की हे बरं आहे का. बाबा तिथे आहेत हे ठशाला कळतं का.

ती जरा विचार करून म्हणाली, "नाही ताई. कुणी आहे हे त्याला कळत नाही. थांबायचं असतं, एवढंच कळतं."

*

थंडी सुरू झाली तसा अंगठा गेला. एकदम नाही. आधी बाण चुकायला लागले, मग उड्या. मग एका संध्याकाळी बाबांनी फोन केला आणि हवामान सांगायला लागले. मी दुसऱ्या दिवशी जळगावला गेले.

टीव्ही चालू होता. बाणवाला पहिल्या खड्ड्याच्या कडेला उभा. मला ज्याची भीती वाटत होती नेमकं तेच चित्र. तो एक पाऊल पुढे यायचा, थांबायचा, एक पाऊल मागे जायचा, पुन्हा पुढे. चिडचिड नाही, घाई नाही. बाबा समोर बसलेले, उजवा हात मांडीवर.

मी काही म्हणणार तोच ते सरकले आणि सोफ्यावर उजव्या बाजूला जागा केली.

"बस."

कंट्रोलरला मी हात लावला. डावी बाजू कुणी धरलेली नव्हती, तरी मी ती मोकळी सोडली. बाणवाला कड्यापर्यंत आला, मी उडी मारली. तो सरळ वर गेला, सरळ खाली कड्यावरच टेकला, आणि मग पुढे जाऊन खड्ड्यात पडला.

पुन्हा. पुन्हा खड्ड्यात.

कारण कळायला वेळ लागला. कड्यापाशी आली की आत्या क्षणभर दिशेचं बटण सोडायची. बाबांची उडी उशिरा येणार हे अंगठ्यात इतकं मुरलेलं, की ती तेवढा वेळ मोकळा ठेवायची आणि मगच पुढे रेटायची. माझा अंगठा तरुण होता, वेळेवर होता, त्यामुळे मी नेमकी त्या मोकळ्या जागेत उडी मारत होते. ती पुढे न्यायला यायची तोवर मी खाली टेकलेली असायचे, आणि तिचा रेटा थेट खड्ड्यात न्यायचा. एकदा चुकून खड्ड्यापलीकडे गेले, तर वटवाघळांच्या खोलीतही तेच. माझा बाण आधी, तिचं वळणं नंतर. आम्ही दोघी एकमेकींना सारख्या चुकवत होतो.

बाबा म्हणाले, घाई करतेस.

मी म्हटलं, मी वेळेवर दाबते.

"तेच म्हणतोय."

मी आतल्या खोलीत जाऊन नाजियाला फोन केला. ती म्हणाली, सोपं आहे, अर्ध्या दिवसाचं काम. निवड बदलता येत नाही, पण वेग जुळवता येतो. तुमच्या अंगठ्याचा नमुना पाठवा, तो डावा तुमच्या वेळेला जुळवून देते. मग ती तुमच्यासाठी थांबेल. म्हणजे थांबणारच नाही फारशी, तुम्ही चपळ आहात.

नमुना पाठवायला एक बटण होतं. फोन हातात होता. दाराच्या फटीतून दिसत होतं, बाणवाला कड्यापाशी पुढेमागे करतोय आणि बाबा त्याच्याशी काहीतरी बोलतायत. काय ते ऐकू आलं नाही, पण सूर दटावण्याचा होता, धाकट्या भावाने मोठ्या बहिणीला दटावावं तसा. ते थांबणं काढून टाकलं की पलीकडे उरतं कोण, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर यायच्या आतच नाजियाला म्हटलं, नको. मीच हळू होते.

"होता येतं का असं?" तिने खरंच कुतूहलाने विचारलं.

*

येत नाही. निदान ठरवून तरी येत नाही. मोजून पाहिलं, श्वास धरून पाहिला, डोळे मिटून पाहिले. उशीर करायला गेलं की जास्तच उशीर होतो. मी सुट्टी वाढवली. दिवसभर ऑफिसचं काम, संध्याकाळी खड्डा. बाबा शेजारी शेंगा सोलत बसायचे, डाव्या हाताने, आणि मी पडले की एक शेंग माझ्यापुढे ठेवायचे.

कंटाळून एकदा टॅबलेट उघडला. पान वाचलं. उलटेना. बोटाने सरकवलं, हलवला. स्वयंपाकघरातून बाबा ओरडले, "हं म्हण!"

"हं."

उलटलं. पुढचं पान वाचलं. "हं." उलटलं. तिसऱ्या-चौथ्या पानाला माझ्या लक्षात आलं की हा 'हं' म्हणजे होकार नाही. वाचून झाल्यावर, कळल्यावर, आणि पुढे जावंसं वाटण्याआधी जो एक एवढासा थांबा असतो, त्याचा तो आवाज आहे. बाबांच्या सगळ्या आयुष्याला तो चिकटलेला आहे. रस्ता ओलांडताना, दार उघडताना, मला शाळेत सोडून परत फिरताना. मी त्याला त्यांचा मंदपणा म्हणत आले.

टॅबलेट ठेवला, कंट्रोलरची उजवी बाजू धरली. बाबा भाजी झाकून बाहेर आले, ओले हात पुसत उभे राहिले.

बाणवाला पळत आला. कड्यापाशी आत्याने बटण सोडलं. मी मनात म्हटलं,

हं.

उडी.

आणि डावीकडे, जिथे कुणी बसलेलं नव्हतं, तिथून पुढे रेटा आला. तो खड्ड्यावरून गेला, पलीकडे टेकला, आणि न थांबता पुढच्या खोलीकडे पळत सुटला. वटवाघळं आली, ती वळली, हं, बाण. जिना, हं, उडी. मला हसू येत होतं आणि पडदा नीट दिसत नव्हता, तरी चुकत नव्हतं, कारण बघायचं काम ती करत होती. बुरुजावर पोचेपर्यंत बाबांनी बसायचं नाव घेतलं नाही.

मग त्यांनी माझ्या उजव्या अंगठ्यावर टिचकी मारली.

"आता कुठे दिग्या झालीस," ते म्हणाले.

*

आत्याच्या कपाटात साडीच्या पिशवीत सापडलेला तो १९९३चा दुसरा कंट्रोलर मी, ती गेली त्याच महिन्यात, नाशिकला जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात जोडून पाहिला होता. त्याची सगळी बटणं चालत होती.